कागदावर नेम बसतो, पण पुढे काय?

प्रश्न : रेंजवर दहा मीटरवरून माझ्या सगळ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात. स्वसंरक्षणासाठी एवढी तयारी पुरे ना?

नेम पक्का आहे, उत्तमच. पण कागदी टार्गेट अंगावर धावून येत नाही आणि त्याच्यामागे कुणाचं मूल उभं नसतं. डेनिस ट्यूलर या अमेरिकन पोलीस अधिकाऱ्याने १९८३ मध्ये लिहिलं, की सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढून नेम धरायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. यातून काहींनी ‘२१ फुटांच्या आत आला की झाडा’ असा नियम बनवला, तो साफ चुकीचा आहे. आधी बाजूला सरका, मध्ये गाडी किंवा टेबल आणा, निसटता आलं तर निसटा. हे रेंजवरच्या एका रांगेत उभं राहून शिकता येत नाही. त्यासाठी रंगाच्या गोळ्या, चेहऱ्याला संरक्षण आणि समोर जिवंत माणूस हवा. अशा सरावात मी एकाला खिशातून झटकन मोबाइल काढायला लावतो. हात वर येतो, तेवढ्यात कितीतरी चांगल्या नेमबाजांचं बोट चापावर गेलेलं असतं. न झाडण्याचा निर्णयही सरावानेच जमतो, आणि माझ्या मते खरं शिक्षण तेच.

प्रश्न : घरी गोळ्यांशिवाय सराव केला तर चालेल?

जरूर करा. मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नेम गोळी अडवेल अशाच भिंतीवर धरा. घात होतो तो शेवटी: पिस्तूल पुन्हा भरल्यावर ‘अजून एकदाच’ म्हणून चाप ओढला जातो. म्हणून ‘सराव संपला’ असं मोठ्याने म्हणा आणि हत्यार लगेच बंदिस्त ठेवा.

प्रश्न : गोळी नेहमी खालीच का लागते?

बहुधा आवाजाच्या धास्तीने तुम्ही आधीच मनगट दाबता. सोबत्याला मॅगझिनमध्ये अधूनमधून डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस घालायला सांगा. डमीवर नळी खाली झुकली, की दोष तुमचा तुम्हालाच दिसेल.

प्रश्न : रात्री घरात खुडबुड झाली, तर पिस्तूल घेऊन बघायला जावं का?

नको. घरच्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, पोलिसांना फोन करा. टॉर्च वेगळा हातात ठेवा, कारण पिस्तुलावरच्या टॉर्चने कुणाला निरखायचं म्हणजे त्याच्यावर नळी रोखणं आलं, आणि तो पाणी प्यायला उठलेला तुमचा मुलगाही असू शकतो.