मिशी रंगवा, पण केसांच्या डायनं नव्हे

शाळांची गॅदरिंग आणि शिवजयंती जवळ आली की माझ्याकडं येणारे प्रश्न एकाच वळणाचे असतात. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाढदिवसांना आणि शाळेच्या कार्यक्रमांना मुलांचे चेहरे रंगवून द्यायचं काम हल्ली बऱ्याच जणी सुरू करताहेत. काम चांगलं आहे, मुलं हरखून जातात. पण मला प्रश्न विचारला जातो तो रंग विकत घेतल्यावर, आणि बऱ्याचदा पुरळ उठल्यावर. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ या नात्यानं वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र देते.

मी चित्रकलेचे क्लास घेते. घरात पोस्टर कलर आणि ॲक्रिलिक भरपूर आहेत, बाटलीवर ‘नॉन टॉक्सिक’ लिहिलंय. त्यानंच सुरुवात करू का? (टिळकवाडी)

नको. कागदावर रंगवताना रंग चुकून तोंडात गेला तर विषबाधा होऊ नये, एवढ्यापुरता तो शेरा असतो. गालावर चार तास राहिला तर काय होईल, याच्याशी त्याचा संबंध नाही. ॲक्रिलिक वाळलं की त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो आणि तो सोलून काढताना लहान मुलाची कातडी सोलवटते. फॅब्रिक कलर, स्केचपेन, रांगोळी, रंगपंचमीचा उरलेला रंग, सगळ्यांना हेच उत्तर.

चेहऱ्यासाठी पाण्यात ब्रश बुडवून लावायचे, वडीच्या रूपात मिळणारे खास फेस पेंट असतात. स्नाझारू, क्रायोलान, मेहरॉन ही त्यातली जुनी नावं. पांढरा, काळा, लाल, पिवळा, निळा या पाच वड्यांवर वाघ, फुलपाखरू, मावळा सगळं होतं. मोठा सेट घ्यायची घाई करू नका.

ऑनलाइन 299 रुपयांत 24 रंगांचा सेट मिळतोय. त्यावर ‘एफडीए अप्रूव्हड’ आणि ‘100 टक्के हर्बल’ छापलंय. घ्यावा का? (शहापूर)

अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न आणि औषधांवर देखरेख करणारं सरकारी खातं, तयार फेस पेंटला मंजुरी देतच नाही. त्यात वापरायच्या रंगद्रव्यांना देतं, आणि त्यातलीही काही डोळ्यांजवळ चालत नाहीत. त्यामुळं असा शिक्का दिसला की तो सेट ठेवून द्या. ‘हर्बल’ शब्द तर कुणीही छापतं. अंधारात चमकणारे निऑन रंग डोळ्यांभोवती अजिबात नकोत.

शिक्क्याऐवजी बघायचं ते हे: घटकांची यादी, बॅच नंबर, वापरायची अंतिम तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक, माल परदेशी असेल तर आयातीचा नोंदणी क्रमांक. आपल्याकडच्या नियमांत सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात शिसं 20 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत 20 भाग) आणि आर्सेनिक 2 पीपीएमच्या वर चालत नाही. हे घरी बघून कळत नाही. परवाना क्रमांक असला तर निदान जाब कुणाला विचारायचा ते कळतं.

आधी खोबरेल तेल लावलं की ॲलर्जी होत नाही म्हणतात. खरं का? (वडगाव)

खोटं. वर पाण्याचा रंग तेलावर धरतही नाही.

बाळ दीड वर्षाचं आहे. पहिल्या जावळाला गालावर छोटं फूल काढलं तर? (खानापूर)

तीन वर्षांच्या आत नाही. फूल कपड्यावर लावा.

शिवजयंतीच्या चित्ररथावर आमच्या गल्लीतली मुलं मावळे होतात. घामानं मिशी पुसते म्हणून आम्ही केसांचा काळा डाय ब्रशनं लावतो. चार-पाच दिवस टिकतो. यंदा हे काम माझ्याकडं आलंय, काही काळजी घ्यावी का? (येळ्ळूर)

काळजी एकच, तो डाय मुलांच्या जवळ नेऊ नका. हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून सविस्तर लिहिते, आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही वाचून दाखवा अशी विनंती आहे.

काळ्या डायमध्ये पीपीडी, म्हणजे पॅराफिनिलीनडायअमीन, नावाचं रसायन असतं. केस काळे होतात ते त्याच्यामुळं. युरोपात ते केसांच्या डायमध्येसुद्धा मिसळल्यावर 2 टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि कातडीवर थेट लावायला परवानगीच नाही. आपल्याकडच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आधी चाचणी घ्या, आणि भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. कायद्यानंच ती सूचना छापावी लागते. मिशीबरोबर मावळ्याच्या भुवयाही जाड करायच्या म्हणून तोच ब्रश वर फिरवला जातो. ती सूचना वाचून कुणाचा हात पुढं होईल असं मला वाटत नाही, पण पाकीट वाचतं कोण?

मिरवणूक झाली की दोन-तीन दिवसांनी अशी मुलं ओपीडीत येतात. वरच्या ओठावर पाण्यानं भरलेल्या फोडांचा पट्टा असतो, नेमका मिशीच्या आकाराचा, पीळ दिलेली दोन्ही टोकं गालाकडं वळलेली. फोड फुटले की पिवळी खपली धरते. मूल हसू शकत नाही, भाकरीचा तुकडा तोंडात घेताना रडतं. बरं झाल्यावरही तिथली कातडी कित्येक महिने पांढुरकी किंवा काळपट राहते. काही मुलांना कायमचा व्रण राहतो.

‘गेल्या वर्षी लावला होता, काही झालं नाही’ हे मला प्रत्येक जण सांगतो. ॲलर्जी अशीच येते. पहिल्या वेळी शरीर त्या रसायनाची ओळख करून घेतं, आणि पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत भडका उडतो. मग ती ॲलर्जी जन्मभर सोबत राहते. हा मुलगा चाळिशीत केस काळे करायला जाईल तेव्हा डोकं, डोळे, चेहरा सुजेल. भूल देण्याच्या काही मलमांची आणि कपड्यांच्या काही गडद रंगांचीही त्याला ॲलर्जी होऊ शकते. आठ वर्षांच्या पोराला एका रात्रीच्या मिशीसाठी आपण हे देतो.

लग्नसराईत मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’चंही हेच. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-तपकिरी येतो आणि चढायला तास लागतात. अर्ध्या तासात कोळशासारखी काळी होणारी मेंदी म्हणजे त्यात बहुधा पीपीडी आहे असंच समजा. यात्रेतल्या स्टॉलवर मुलींच्या हातावर असा कोन चालवू देऊ नका.

आता मिशीचं. काळ्या फेस पेंटची मिशी काढा, रंग घट्ट कालवा, पातळ थर द्या, वाळला की वर कॉम्पॅक्ट पावडर हलकी दाबा. साधी आयब्रो पेन्सिलही चालते. आपली बेळगावकडची शिवजयंती भर उन्हाळ्यात असते आणि मिरवणूक रात्र रात्र चालते, तेव्हा मिशी थोडी उतरणारच. रंगाची डबी चित्ररथावर ठेवा आणि पुन्हा काढा. डिंकाच्या खोट्या मिश्यांनीही लाल चट्टे येतात, त्याही नकोत. डाय लावून झालाच असेल तर साबण-पाण्यानं लगेच धुवा आणि खाज सुटायची वाट न बघता मुलाला डॉक्टरांना दाखवा.

वाढदिवसाला वीस-पंचवीस मुलं असतात. एकच स्पंज धुऊन सगळ्यांना वापरला तर चालेल? (निपाणी)

नाही. एका मुलाला एक स्पंज. मोठा स्पंज आणून कात्रीनं तुकडे करा, वापरलेला वेगळ्या पिशवीत टाका, घरी साबणानं धुऊन उन्हात वाळवा. ब्रशसाठी पाण्याचे दोन ग्लास ठेवा, पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, आणि दोन्ही वारंवार बदला. ओल्या वडीवर झाकण लावून डबी कपाटात ठेवू नका, आधी उघडी वाळू द्या. ओलाव्यात जंतू वाढतात. 2009 मध्ये अमेरिकेत मुलांच्या एका कार्यक्रमात फेस पेंट लावलेल्या जागी पुरळ, खाज आणि सूज आली, ते रंग बाजारातून परत मागवावे लागले आणि तपासणीत त्यात जंतू भरपूर सापडले.

डोळे आलेलं, ओठावर जर (तापाचे बारीक फोड) उठलेलं, नाकाखाली पिवळ्या खपल्या असलेलं, नायटा किंवा कांजिण्यांचे फोड असलेलं मूल समोर आलं तर ब्रश टेकवू नका. आई रागावली तरी चालेल. फ्रॉकवर स्टिकर लावून द्या आणि डॉक्टरांना दाखवायला सांगा.

क्राफ्टच्या दुकानातली चमकी गालावर लावली तर? (चिकोडी)

डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा पडतो, म्हणून नाही. कॉस्मेटिक म्हणून विकली जाणारी बारीक चमकीच घ्या आणि तीही पापणीपासून लांब, गालाच्या खालच्या भागावर. डोळा चुरचुरला तर चोळू न देता स्वच्छ पाण्यानं धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

मुलीच्या चेहऱ्यावर रंगानं लाल चट्टे येऊन पाच दिवस झाले. मेडिकलमधून खाजेचं मलम आणून लावलं, आधी कमी झालं, आता पसरलंय. आणखी किती दिवस लावू? (संकेश्वर)

आजच थांबवा आणि आजच दाखवा. काउंटरवर ‘खाजेचं’ म्हणून हातात पडणाऱ्या मलमांत बहुतेक वेळा जोरदार स्टेरॉइड असतं. त्यानं लाली दबते, आतला संसर्ग पसरत राहतो आणि मुलांच्या चेहऱ्याची कातडी पातळ होते. 2018 मध्ये सरकारनं अशा 14 स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एच लावलं, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी विकली जातात. पाच दिवस तुम्ही मेडिकलच्या मलमावर घालवले. त्वचेचा डॉक्टर संकेश्वरात मिळाला नाही तर बेळगावच्या सिव्हिलला या. येताना मलमाची ट्यूब आणि रंगाची डबी दोन्ही आणा, त्यावरून अर्धं निदान होतं.

रंग रात्री काढायचा कंटाळा आला तर सकाळी काढला तर चालेल? (अनगोळ)

नाही. सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ कापड. रॉकेल किंवा नेलपॉलिश रिमूव्हर कधीच नाही.

एका चेहऱ्याचे किती घ्यावेत, आणि शाळेत काम घेताना काय विचारावं? (हिंडलगा)

दराचं तुम्हीच ठरवा. विचारायचं ते पालकांना विचारा, बाईंनी ‘हो’ म्हणून भागत नाही. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मराठी आणि कन्नड दोन्हींत चिठ्ठी पाठवा: मुलाला इसब आहे का, दमा आहे का, साबण, क्रीम किंवा रंगाची कधी ॲलर्जी झाली आहे का. एकाही प्रश्नाला ‘हो’ आलं तर त्याच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रंगवू नका. बाकीच्यांना दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावून बघा, कारण ॲलर्जी उमटायला 48 तास लागू शकतात. तिथं खाज, लाली किंवा पुरळ आलं तर तो रंग त्या मुलाला नाही. आणि कार्यक्रमात एखाद्याचे ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास घ्यायला त्रास झाला, तर रंग पुसत बसू नका, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि पालकांना वाटेतून फोन करा.