दोन झडपांचं दार जागेत बसत नसेल तर झडपा तासाव्यात का?

तुमची जागा १२९० मिलिमीटर रुंद, तयार जोडी १२०० ची, भिंत वर-खाली सारखी नाही, आणि मिस्त्री म्हणतो की मोठी जोडी आणून झडपा तासून बसवू. तासू देऊ नका. चौकट सुधारा.

हे मी इतकं ठामपणे सांगतोय कारण आमच्या घरात याच गोष्टीवरून थोरल्या भावाशी माझं वाजलं होतं. बैठकीच्या खोलीला दोन झडपांचं दार बसवायचं होतं. जुनी चौकट वर १३४२, खाली १३२४. उजवी बाजू ओळंब्यात, डावी झुकलेली. दादाने टेप धरला तो फक्त मधोमध. १३३३ आले. त्यातून फटींचे ९ वजा करून प्रत्येकी ६६२ च्या दोन झडपा करून आणल्या. मी म्हणत होतो की आधी डावं उभं लाकूड काढून सरळ करू. "अठरा मिलिमीटर कुणाला दिसतात?" हे त्याचं उत्तर.

सगळ्यांना दिसले. डावी झडप झुकलेल्या लाकडावर चढवल्यावर तीही झुकली. खाली दोन्ही झडपा एकमेकींवर चढल्या, म्हणून दादाने रंधा चालवला. कडेची लाकडी पट्टी तासून संपली आणि आतला भुसा दिसायला लागला. वर मात्र मधली फट १२ मिलिमीटर, करंगळी सहज जावी एवढी. डाव्या झडपेचं मधलं टोक उजवीपेक्षा ६ मिलिमीटर वर. कडी लावली नाही की डावी झडप आपोआप उघडायची, कारण बिजागऱ्यांची रेषाच कललेली. पंख्याचा वारा आहे, असं दादा दोन वर्षं सांगत होता.

शेवटी मीच ते लाकूड काढलं. ओळंबा सोडला, मागे पाचरी ठोकल्या. वर १८ ची पाचर, खाली जवळजवळ काही नाही. भिंतीलगतची ती निमुळती फट बाहेरच्या पट्टीखाली गेली. झडपा नव्या कराव्या लागल्या, प्रत्येकी ६५७. पट्टीमागची फट कुणालाच दिसत नाही. दोन झडपांच्या मधली फट मात्र रोज नजरेसमोर असते, म्हणून वाकडेपणा भिंतीकडे ढकलायचा, मध्ये आणायचा नाही. दादा अजूनही भिंतीलाच दोष देतो. भिंत वाकडी होतीच, पण ती माप घेण्याआधीपासून वाकडी होती.

तुमच्याकडे ९० मिलिमीटर जास्त आहेत, म्हणजे काम सोपं आहे. फटींचे ९ सोडून दोन्ही बाजूंना साधारण ४०-४० चं लाकूड भरून चौकट आत घ्या आणि जोडी १२०० चीच ठेवा. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात कमी येईल ती धरा. चौकटीच्या कोपऱ्यांतून दोन तिरपे दोरे ताणा. मध्ये ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. टेकले नाहीत तर चौकट पिळलेली आहे, आणि मग झडपा कितीही चांगल्या असल्या तरी मध्ये एक पुढे, एक मागे राहते. एका झडपेच्या दारात हा दोष खपून जातो, जोडीत नाही.

एक सांगायचं राहिलं. थोडंफार तासावं लागतंच, तेव्हा दोन्ही झडपा सारख्याच तासा, आणि जितकं काढायचं तितकं दोन्ही कडांकडून निम्मं-निम्मं, नाहीतर नक्षीचे चौकोन एका बाजूला सरकतात. तासलेल्या कडेला लगेच रंग द्या. उघडं लाकूड दमट हवेत फुगतं. मधली कड एकमेकींवर चढणारी असेल तर झडपांच्या रुंदीत तेवढी भर धरा. आणि भिंत फोडून जागा वाढवायचा विचार असेल, तर वरची तुळई कशावर टेकली आहे ते आधी कुणा जाणकाराला दाखवा. त्यातलं मला कळत नाही.