उधाण, उमाळा की उपळ?

ऐरोलीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. मुलांना घेऊन त्या तिथलं सागरी जैवविविधता केंद्र पाहून आल्या आणि आता वर्गात समुद्राचा तक्ता बनतो आहे. त्यात 'अपवेलिंग'ला, म्हणजे समुद्राच्या खोलवरचं पाणी वर येण्याला, मराठी शब्द हवा आहे. दिवाळे कोळीवाड्यातल्या एका मुलाने 'उधाण' लिहिलं, बाईंनी 'उद्गमन' सुचवलं. मुलांना उद्गमन रुचलं नाही आणि बाईंना उधाण पटलं नाही. जोडीला दुसरा प्रश्न: न्यूट्रिएंट्सना पोषकद्रव्ये म्हणायचं की अन्नद्रव्ये?

ताई, उधाण नको. खाडीकाठच्या मुलाला तो शब्द सुचावा हे अगदी साहजिक आहे, कारण त्याच्या घरात समुद्राचं पंचांगच उधाण आणि भांग यांवर चालतं. पण उधाण हे चंद्रसूर्याच्या ओढीचं. पुनव-अवसेला पाणी जास्त चढतं, अष्टमीच्या सुमारास भांग असतो. त्यात वरचं पाणी वर आणि खालचं खालीच राहतं. अपवेलिंगमध्ये नेमकी ही उतरंड मोडते. खोलवरचं थंड पाणी पृष्ठभागावर येतं आणि त्याला ओढणारा चंद्र नसून वारा असतो.

हे कसं घडतं ते मुलांना उभं करूनच दाखवा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे समुद्र उजव्या हाताला येतो. उत्तरेकडून येणारा वारा पाठीवर घ्यायचा. पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी सरळ न जाता उजवीकडे कलतं, म्हणजे किनारा सोडून आत जातं. १८९३ ते १८९६च्या आर्क्टिक मोहिमेत 'फ्राम' जहाजावर असताना नॉर्वेचे संशोधक नॅन्सेन यांना बर्फ वाऱ्याच्या रेषेत न वाहता उजवीकडे सरकताना दिसला, आणि १९०५ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ एकमन यांनी त्याचं गणित मांडलं. वरचं पाणी असं निघून गेलं की रिकाम्या जागी खालचं वर येतं, तेही दिवसाला फार तर काही मीटर. म्हणून 'उसळी'ही नको. उसळी झटक्याची असते.

माझी पहिली पसंती 'उमाळा' होती. विहिरीच्या तळाला फुटतो तोही उमाळा आणि मायेने दाटून येतो तोही. पेरूच्या किनाऱ्याला हा शब्द शोभतो, कारण खालून वर येणारं पाणी तिथे मासळीला अन्न पुरवतं. तिथल्या समुद्रातून १९७० साली एकट्या अँचोव्ही माशाचं उत्पादन सव्वा कोटी टनांच्या आसपास होतं. पेरू, कॅलिफोर्निया, वायव्य आफ्रिका आणि नैऋत्य आफ्रिका हे असे चार मोठे किनारे. सगळे मिळून समुद्राचा जेमतेम एक टक्का भाग, पण जगाच्या सागरी मासळीतला सुमारे पाचवा हिस्सा तिथून येतो. १९७२च्या एल निन्योत पेरूपाशी वरच्या कोमट पाण्याचा थर जाड झाला. वारा वाहत होता, पाणी वर येतही होतं, पण ते त्या कोमट, निकस थरातलंच. त्यात मासेमारीही बेसुमार झालेली. १९७३ साली उत्पादन २० लाख टनांच्या आसपास आलं. एल निन्यो हा शब्दही तिथल्या कोळ्यांनीच दिलेला आहे. नाताळच्या सुमारास येणारं कोमट पाणी, म्हणून 'बाळ', अर्थात बाळ येशू.

पण आपल्या समुद्राचा विचार केला तेव्हा मला आमच्या घणसोलीच्या जुन्या घरातला शब्द आठवला: उपळ. श्रावणात माजघराच्या कोपऱ्यात सारवलेल्या जमिनीतून पाणी वर यायचं. छप्पर गळत नसायचं, भिंत कोरडी असायची, पाणी खालूनच यायचं. 'उपळ फुटली' म्हणत आजी तिथे गोणपाट टाकायची. ज्या शेतात असं पाणी राहतं ते उपळट, त्यात मुळं गुदमरतात.

हा शब्द इथे किती चपखल बसतो पाहा. आपल्याकडचं अपवेलिंग पावसाळ्यातलंच आहे. नैऋत्य मोसमी वारे या किनाऱ्याजवळ थोडे वायव्येकडून वळून वाहतात, आणि त्या दिवसांत ते केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जोरात असतं आणि उत्तरेकडे, आपल्या बाजूला, मंदावत जातं. त्यावर तारली-बांगड्याचा समुद्र पोसला जातो. पण अरबी समुद्राच्या मधल्या थरांत, साधारण १५० ते १००० मीटरांदरम्यान, प्राणवायू अत्यल्प आहे. त्यामुळे वर येणारं पाणी अन्न आणतं, पण श्वास आणत नाही. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, हवा खाली पोचत नाही, आणि पावसाळा सरता सरता किनाऱ्यालगतचा तळ गुदमरतो. अशा पाण्यात नत्राचं रूपांतर होऊन नायट्रस ऑक्साइडही तयार होतो आणि हवेत निसटतो. वजनाला वजन धरलं तर तो कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवतो. पोसणारं आणि कुजवणारं पाणी एकच, हे 'उमाळा' सांगत नाही, 'उपळ' सांगते.

आपल्या पावसाचाही याच्याशी संबंध आहे. सोमालियाच्या किनाऱ्यावर याच वाऱ्यांनी खोलचं पाणी वर येतं आणि समुद्र थंड पडतो. थंड पाण्याची वाफ कमी होते, आणि ठाण्यावर कोसळणाऱ्या ढगांचं बाष्प त्याच अरबी समुद्रावरून येतं.

आता दुसरा प्रश्न. 'अन्नद्रव्ये'च म्हणा. शेतकऱ्याच्या तोंडी तो शब्द आहेच: नत्र, स्फुरद, पालाश. समुद्रातही नत्र आणि स्फुरदच मोलाचं. पालाश मात्र खाऱ्या पाण्यात मुबलक, त्याची वाण पडत नाही. त्याच्या जागी सिलिका लिहा, कारण करंडक वनस्पती (डायटम नावाची सूक्ष्म शैवालं) आपली कवचं तिच्यापासून घडवतात. वरच्या उजेडात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात, मरतात, खाली जातात आणि अंधारात कुजून त्यांचं खत साठतं. ऊन वर, खत खाली. उपळ दोघांची गाठ घालून देते.

एक सावधगिरी. ठाण्याच्या खाडीतली अन्नद्रव्ये उपळीची नाहीत. ती बरीचशी आपल्या सांडपाण्यातून आणि तिवरांच्या कुजलेल्या पानांतून येतात. तक्त्यावर फ्लेमिंगो काढलेत तर बाण समुद्राच्या तळातून नव्हे, जमिनीकडून दाखवा.

शीर्षक 'सागरी उपळ' असं द्या, आणि खाली एवढंच: 'वारा वरचं पाणी दूर नेतो, तेव्हा खालचं थंड, अन्नद्रव्यांनी भरलेलं पाणी हळूहळू वर येतं.' दिवाळ्याच्या त्या मुलाला एकदा आजीला विचारायला सांगा, त्यांच्या घरात उपळ म्हणतात की आणखी काही. वेगळा शब्द निघाला तर मला नक्की कळवा.