वाचक विचारतात : कॅमेरा हलत का नाही?

मागच्या अंकात 'कोर्ट' आणि 'द डिसायपल'चा दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेबद्दल जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, की मुंबईत राहून इतका हट्टाने सिनेमा करणारा माणूस सध्या दुसरा दिसत नाही, तर त्यावरच एवढे मेल आले की बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेवर ढकलतोय. रागवू नका.

प्रश्न : मुलाने 'कोर्ट' लावून दिला. विषय चांगला आहे पण कॅमेरा आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीसारखा एका जागी खिळलेला. बोलणं संपलं तरी हलत नाही. शेवटी तर जज बाकावर झोपलेत आणि सिनेमा खल्लास. हे मुद्दाम की बजेट नव्हतं?
(निवृत्त शिक्षिका, गिरगाव)

काकू, सीसीटीव्ही हा शब्द मी तुमच्याकडून ढापतोय, आधीच सांगतो.

मुद्दाम आहे हो. नेहमीच्या कोर्टाच्या सिनेमात काय होतं, वकील गरजला की वकिलाचा चेहरा, मग आरोपीच्या डोळ्यातलं पाणी, मग जजचा हातोडा, म्हणजे कुणाकडे बघायचं ते दिग्दर्शक ठरवतो आणि आपण मान हलवत बसतो. इथे सगळी खोलीच समोर ठेवलीये. केस काय तर नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिराचं गाणं ऐकून मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. ऐकून हसू यायला हवं, पण तिथे सगळे इतक्या गंभीरपणे कागद चाळतात आणि सरकारी वकील कायद्याची कलमं वाणसामानाची यादी वाचल्यासारखी एका सुरात वाचते, की हसू घशातच अडकतं. क्लोजअप टाकला असता तर ते सुटलं असतं. (शाहीर झालेले वीरा साथीदार नागपूरचे, खऱ्या आयुष्यातही चळवळीतलेच, 2021 मध्ये कोरोनाने गेले. गाणी संभाजी भगत यांची.)

आणि बोलणं संपल्यावर कॅमेरा थांबतो म्हणालात ना, माझ्या मते अख्खा सिनेमा त्या थांबण्यातच आहे. कोर्ट सुटल्यावर तो नूतनच्या मागे जातो, गीतांजली कुलकर्णींनी केलीये ती सरकारी वकील. लोकलने घरी, वाटेत मुलाला घ्यायचं, स्वैपाक, सुट्टीच्या दिवशी फॅमिलीसोबत नाटक, आणि त्या नाटकात परप्रांतीयावर विनोद चाललेत आणि थिएटर टाळ्या पिटतंय. ती वाईट बाई नाहीये काकू, आपली आतेबहीण असावी तशी आहे, आणि हीच उद्या सकाळी उठून त्या म्हाताऱ्याला आत टाका म्हणून उभी राहणार. बचावाचा वकील सुपरमार्केटमधून वाइन आणि चीज घेऊन जातो, घरी आई-वडिलांशी गुजरातीत वाद घालतो. एकाच कोर्टात उभे असतात पण यांची मुंबई वेगवेगळी आहे, आणि हे कुणी बोलून दाखवत नाही.

शेवटाचं म्हणाल तर कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात, अंधार पडतो, आपण उठायला लागतो, तेवढ्यात जजसाहेब रिसॉर्टवर. पोरं ओरडून त्यांना झोपेतून उठवतात, ते एकाला थोबाडीत देतात आणि परत डोळे मिटतात. शाहीर तिकडे आतच. मला तरी यापेक्षा योग्य शेवट सुचत नाही.

प्रश्न : मी इंजिनिअरिंग करतोय, घरात सिनेमातलं कुणी नाही, एफटीआयआयची (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) फी पण झेपणारी नाही. ताम्हाणेचं बॅकग्राउंड काय होतं? मी मोबाईलवर लाँग टेक (मध्ये न कापता लांबलचक शॉट) घ्यायला सुरुवात केली तर चालेल का?
(डोंबिवली)

मित्रा, एफटीआयआय त्यानेही केलेलं नाही. 1987 चा जन्म, मुंबईचाच, मिठीबाई कॉलेजला इंग्रजी साहित्य. कॉलेजच्या वयात टीव्ही मालिकेसाठी लिहिलं, मग भारतीय सिनेमातल्या उचलेगिरीवर एक डॉक्युमेंटरी केली, एक नाटक, 'सिक्स स्ट्रँड्स' नावाची शॉर्ट फिल्म. आता ऐक, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. त्याच्या नाटकातला नट विवेक गोंबर, तो त्याला म्हणाला तू लिही, मी दर महिन्याला पैसे देतो. तोच पुढे 'कोर्ट'चा निर्माता झाला आणि बचावाचा वकीलही. म्हणजे टॅलेंट वगैरे सगळं मान्य, पण महिन्याचं भाडं सुटलेलं असणं हे फार मोठं भांडवल असतं आणि ते मुलाखतीत तितकंसं ग्लॅमरस वाटत नाही.

पुढचं तुला गुगलवर मिळेलच. 2014 ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये नव्या वाटेच्या सिनेमांच्या ओरिझोंती विभागातला सर्वोत्तम सिनेमा आणि शिवाय पहिल्या सिनेमासाठीचा लायन ऑफ द फ्युचर, पठ्ठ्या तेव्हा 27 चा. मग राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करसाठी भारताची एंट्री. मग रोलेक्स या घड्याळ कंपनीच्या गुरु-शिष्य योजनेतून मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरोनच्या 'रोमा'च्या सेटवर. नंतर 2020 ला 'द डिसायपल', व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत, जिथे 2001 च्या 'मान्सून वेडिंग'नंतर भारतीय सिनेमा गेलाच नव्हता, आणि पटकथेचं बक्षीस. दोन सिनेमांमध्ये सहा वर्षं. तेवढ्यात आपल्या मालिकेतल्या नायिकेची तीन लग्नं होतात.

लाँग टेकचं म्हणशील तर चालेल की, मोबाईल तुझा आहे. पण नुसता लाँग टेक म्हणजे स्टाईल नाही रे, बघण्यासारखं काही नसेल तर ती फक्त लांब क्लिप होते. मी स्वतः 'कोर्ट' बघून एका मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊन बसलो होतो, तीन तास. डोक्यात सिनेमाच. प्रत्यक्षात शिपाई नावं पुकारतोय आणि पंख्याच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नाही, एका बाईने मांडीवर डबा घट्ट धरलाय पण उघडायची हिंमत नाही, तिचा नंबर आला आणि अर्ध्या मिनिटात पुढची तारीख. ती बाहेर जाऊन जिन्यावर जेवली. तो जिना मी लिहिला असता का? नाही, मी भाषण लिहिलं असतं. तू आधी डोंबिवली फास्टमध्ये कॅमेरा न काढता महिनाभर बघ.

प्रश्न : 'द डिसायपल'मध्ये शास्त्रीय संगीतवाले सगळे रडके दाखवलेत आणि नायक शेवटी काहीच होत नाही. आम्ही विद्यार्थ्यांना काय सांगायचं?
(संगीत शिक्षक, विलेपार्ले)

सर, तुमचा राग समजतो. पण निदान खोटं गायलेलं तरी नाही ना? नायक शरद झालेला आदित्य मोडक गायकच आहे, गुरुजी झालेले अरुण द्रविड तर मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकरांकडे शिकलेले. ओठ हलवणारे नट घेतले असते तर पहिलं पत्र तुमचंच आलं असतं. नायक काही होत नाही हे खरंय, पण प्रत्येक क्लासमध्ये मन लावून रियाज करणारा आणि तरीही तिथपर्यंत न पोचणारा एकतरी असतोच, आमच्या चाळीतही एक पेटीवाले होते, आणि त्याच्यावर सिनेमा कधी कुणी केला? शरद ज्यांच्या बोलण्याच्या टेप ऐकत असतो त्या माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे, तो तेवढा एकदा डोळे मिटून ऐका. हां, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर स्लो मोशनमध्ये बाईक आणि कानात माई, हे मलाही जरा जास्त वेळा झालं असं वाटलं.

प्रश्न : दोन्ही नाही बघितलेत. आधी कुठला?
(माहीम)

'कोर्ट'. रविवारी दुपारी जेवून बघू नका, जजसाहेबांसारखी गत होईल.