रात्री दोनची जाग

प्रश्न : तोफखान्यात १७ वर्षं काढली. रात्री दोनला तेच स्वप्न पडून घामाघूम होऊन उठतो. कॅन्टीनच्या रमचे दोन पेग घेतले की डोळा लागतो. चुकतंय का? – माजी हवालदार, खटाव

उत्तर : डोळा लागतो हे खरं, पण ती झोप टिकत नाही. दारू आधी स्वप्नांची झोप दाबते. अंमल उतरला की तीच झोप उसळून येते. तुम्हाला दोनला जाग येण्यात रमचाही हात आहे. मात्र रोजची सवय असेल तर एकदम तोडू नका. डॉक्टरांना खरं माप सांगा (‘कधीमधी घेतो’ हे आम्ही रोज ऐकतो).

स्वप्नावर एक उपाय आहे. दिवसाउजेडी ते कागदावर लिहायचं, त्याला हवं तसं वळण द्यायचं आणि बदललेली गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांसमोर आणायची. पोरखेळ वाटेल, पण अनेकांची स्वप्नं यानं विरळ झाली आहेत. सुरुवात समुपदेशकासोबत करा. प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचं नाव तुमच्या कानावर येईल. काहींना ती लागू पडते. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ती औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून मी तिच्यापासून सुरुवात करत नाही.

प्रश्न : यजमान सुभेदार होते, आता सिक्युरिटीत आहेत. जोरात घोरतात, मध्येच श्वास थांबतो. दिवसा चहा पिता पिता पेंगतात. सासूबाई म्हणतात, गाढ झोप आहे. – एक भगिनी, कोरेगाव

उत्तर : ही गाढ झोप नव्हे, ताई. घशातली वाट मिटते, श्वास अडतो, मेंदू त्यांना अर्धवट जागं करतो, असं रात्रभर. पेन्शनीत पीटी सुटते, जेवण मात्र युनिटमधलंच राहतं, मग पोट आणि मान दोन्ही सुटतात. मोबाइलवर त्यांचं घोरणं रेकॉर्ड करून ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये न्या आणि झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. निदान पक्कं झालं तर सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन घशातली वाट उघडी ठेवणारं यंत्र) लागू शकतं. मास्कचा पहिले काही दिवस वैताग येतो. न बसणारा मास्क बदलून मागा. तोवर झोपेची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका, श्वास आणखी अडू शकतो.

प्रश्न : सियाचीनला गुदमरून जाग यायची. झोप कायमची बिघडली का? – माजी नाईक

उत्तर : नाही. विरळ हवेत झोपेतला श्वास भराभर चालतो, मग खंडतो. खाली उतरलं की ते थांबतं. आजही जाग येत असेल तर कारण दुसरं आहे. वरचं उत्तर वाचा.