कडू हवं होतं, तुरट मिळत होतं

"झोपेसाठी कॉफी सोडतोय, पण चहा म्हणजे रंगीत गरम पाणी. दहा मिनिटं मुरवला तरी दम नाही, नुसती जीभ कोरडी पडते. तिसरं पाकीट फेकलं." तुमचं हे वाचलं आणि मला माझंच जुनं रडगाणं ऐकल्यासारखं झालं. फरक एवढाच की मी पाच पाकिटं फेकली होती.

पाणी ताजं घ्या, डबा घट्ट लावा वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडून देते. सगळा घोळ त्या दहा मिनिटांत आहे.

मीही तेच करायचे. कॉफीची सवय असलेल्या जिभेला चहा फिका लागला की वाटतं, अजून थोडा मुरू दे. पाच मिनिटांची आठ झाली, आठाची बारा. त्यात भर म्हणजे जिथून पत्ती मागवत होते त्या दुकानाला (नाव घेत नाही) मी लिहून विचारलं की चहा फिका का लागतो. उत्तर आलं, "जास्त वेळ मुरवून पाहा." पुन्हा लिहिलं की तोंड कोरडं पडतं, रिकाम्या पोटी घेतला तर मळमळतं. पुन्हा शब्दन् शब्द तेच उत्तर, शिवाय खाली नव्या पाकिटाची जाहिरात! किती पत्ती घालता, एवढं साधं कुणी विचारलं नाही. त्या एका ओळीपायी माझे चार-पाच महिने गेले आणि 'मला चहा सोसत नाही' अशी समजूत पक्की झाली ती वेगळीच.

खरी गोष्ट अशी की कडू आणि तुरट या दोन वेगळ्या चवी आहेत. आपल्या षड्रसांतही त्या वेगळ्याच मोजल्या आहेत, तरी चहाबद्दल बोलताना आपण दोन्हींना सरसकट 'कडवट' म्हणून मोकळे होतो. कॉफीवाल्याला हवा असतो कडूपणा आणि तोंडात जाणवणारा जडपणा. चहा जास्त वेळ मुरवला की मुख्यतः वाढतो तो तुरटपणा. पानातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, म्हणून जीभ खरखरीत होते. सुगंध आणि कॅफिन बरंचसं आधी उतरतं, टॅनिनं मागाहून येत राहतात. म्हणजे घड्याळाकडे बघत तुम्ही नेमकी नको ती गोष्ट कपात ओतून घेताय.

उपाय उलटा आहे: पत्ती वाढवा, वेळ कमी करा. काळ्या चहाची (म्हणजे आपली नेहमीची) २०० मिली पाण्याला साधारण २ ग्रॅम पत्ती घेतात. तुम्ही ४ ग्रॅम घ्या, उकळतं पाणी ओता आणि अडीच मिनिटांत गाळा. गाळा म्हणजे पानं खरंच बाहेर काढा, कपात पडून राहू देऊ नका. ग्रीन टी असेल तर पाणी ७० ते ८० अंशांचंच हवं, उकळतं ओतलंत तर पुन्हा तोच तुरटपणा. माझं स्पष्ट मत: कॉफीवाल्याने सुरुवात ग्रीन टीने करूच नये. लोक आरोग्याच्या नावाखाली तोच आधी हातात देतात आणि माणूस कायमचा बिथरतो.

आणि एक अपेक्षा सोडा. गाळलेल्या कॉफीत विरघळलेला अर्क सव्वा टक्क्याच्या आसपास असतो, नेहमीच्या प्रमाणातल्या कोऱ्या चहात त्याच्या निम्माही नसतो. तो जडपणा चहात येणार नाही. मात्र भाजल्याचा वास मिळू शकतो. जपानचा होजिचा हा भाजलेला ग्रीन टी आहे, त्याला मी वर घातलेली बंदी लागू नाही. त्यात कॅफिनही कमी असतं, त्यामुळे संध्याकाळी चालेल. चीनच्या युन्नान प्रांतातला पिकवलेला, म्हणजे आंबवलेला पु-अर चहा गडद, मातकट आणि जवळजवळ अजिबात तुरट नसतो. माझी गाडी रुळावर आणली ती यानेच. लॅपसँग सूचाँग हा चिनी काळा चहा पाइनच्या धुरावर वाळवतात. तो काहींना फार आवडतो, मला जळक्या लाकडासारखा लागतो. तुमची जीभ तुमची.

दूध घालायचं तर जरूर घाला, त्यातलं केसीन हे प्रथिन टॅनिनांना धरून ठेवतं आणि तुरटपणा खरंच उतरतो. कोराच प्यायला हवा असं सांगणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

कॉफी एकदम बंद केली असेल तर पहिल्या आठवड्यात चहाबद्दल कुठलंही मत बनवू नका. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरायला लागतं, पहिले दोन दिवस वाईट जातात आणि कधी कधी हे नऊ दिवसांपर्यंत चालतं. त्या अवस्थेत अमृतही पांचट लागेल. मी पहिली दोन पाकिटं याच काळात फेकली, बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. हळूहळू कमी करा.

मी डॉक्टर नाही. चहातही कॅफिन असतं, नेहमीच्या प्रमाणात कॉफीच्या साधारण निम्मं धरा, पत्ती दुप्पट घातलीत तर त्याहून जास्त, त्यामुळे झोपेसाठी सोडत असाल तर दुपारनंतरचा कप मोजूनच. रक्तात लोह कमी असेल तर चहा जेवणाबरोबर घेऊ नका, आणि काही औषधं चालू असतील तर आधी विचारून घ्या.

जाता जाता: चहा कॉफीच्याच प्रेसमध्ये (जाळीचा दांडा दाबून गाळायच्या भांड्यात) करत असाल तर आधी तिची जाळी सुटी करून धुवा. कॉफीचं तेल तिथे चिकटून राहतं आणि कितीही चांगल्या पत्तीला शिळ्या कॉफीचा वास येतो. हे मला फार उशिरा कळलं, अगदी पाचवं पाकीट फेकल्यावर.

चौथं पाकीट आणलंच असेल तर फेकू नका. लिटरभर थंड पाण्यात ८-१० ग्रॅम पत्ती घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. थंड पाण्यात टॅनिनं कमी उतरतात. तसाही नाही आवडला, तर पत्ती कुठली होती आणि किती घातली ते इथेच लिहा, मग बघू.