पानागणिक बदलणारे हेडर : एक्सएसएल-एफओविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एक्सएसएल-एफओ (पानांची मांडणी सांगणारी एक्सएमएल भाषा) वापरून केलेल्या आमच्या नियमावलीच्या पीडीएफमध्ये प्रत्येक पानाच्या माथ्यावर चालू प्रकरणाचे आणि विभागाचे नाव यायला हवे आहे, परंतु स्टॅटिक-कंटेंटमध्ये (हेडर-फुटरचा मजकूर ठेवण्याच्या घटकात) लिहिलेला मजकूर सगळ्या पानांवर सारखाच उमटतो. बदलते नाव कसे आणावे?

उत्तर : स्टॅटिक-कंटेंट एका पेज-सिक्वेन्सपुरता, म्हणजे सलग पानांच्या एका गटापुरता, स्थिर असतो. त्यामुळे प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू होत असेल, तर प्रकरणागणिक स्वतंत्र पेज-सिक्वेन्स तयार करावा आणि त्याच्या स्टॅटिक-कंटेंटमध्ये प्रकरणाचे नाव थेट लिहावे. येथे मार्करची गरजच नाही, आणि शक्य असेल तेथे हीच सरळ वाट धरावी असे माझे मत आहे. विभागांचे मात्र तसे नाही. ते पानाच्या मध्येच सुरू होतात, आणि कोणता विभाग कोणत्या पानावर पडेल हे एक्सएसएलटीला (मूळ एक्सएमएलपासून एफओ तयार करणाऱ्या भाषेला) ठाऊक नसते, कारण पाने पाडण्याचे काम त्यानंतर फॉरमॅटर (एफओपासून पीडीएफ बनवणारा प्रोग्राम) करतो. यासाठी २००१ साली आलेल्या एक्सएसएल १.० या शिफारशीतच (अधिकृत प्रमाणकातच) मार्कर आणि रिट्रीव्ह-मार्कर ही जोडी दिलेली आहे. मार्कर फ्लोमधील, म्हणजे पानांतून वाहणाऱ्या मुख्य, मजकुरात ठेवायचा. तो असतो त्या जागी छापला जात नाही. रिट्रीव्ह-मार्कर हेडरच्या स्टॅटिक-कंटेंटमध्ये ठेवायचा. पान तयार झाले की तो त्याच क्लासच्या नावाचा (मार्करला दिलेल्या गटनावाचा) योग्य मार्कर शोधून त्यातील मजकूर तेथे आणतो. मार्कर हा त्याला सामावणाऱ्या ब्लॉकमध्ये (शीर्षक, परिच्छेद यांसारख्या मजकुराच्या चौकटीत) अगदी सुरुवातीला, इतर मजकुराच्या आधी असला पाहिजे.

प्रश्न : पानाच्या वरच्या अर्ध्या भागात जुना विभाग चालू असतो आणि नवा विभाग मध्यावर सुरू होतो, तरी हेडरमध्ये नव्याचेच नाव येते. रिट्रीव्ह-पोझिशनला (पानावरचा कोणता मार्कर घ्यायचा हे ठरवणाऱ्या गुणाला) फर्स्ट-इन्क्लुडिंग-कॅरीओव्हर हे मूल्य दिले, पण फरक पडला नाही.

उत्तर : मूल्य योग्य आहे, मार्करची जागा चुकली आहे. तुम्ही तो बहुधा विभागाच्या शीर्षकाच्या ब्लॉकमध्ये ठेवला असावा. हा ब्लॉक एका ओळीत संपतो, त्यामुळे पुढच्या पानावर त्याचा काहीच अंश उरत नाही. त्या पानावर फॉरमॅटरला सापडणारा पहिला मार्कर नव्या विभागाचाच असतो आणि तोच उचलला जातो. शीर्षक आणि परिच्छेद मिळून संपूर्ण विभागाला वेढणारा एक बाहेरचा ब्लॉक करावा आणि मार्कर त्याच्या आरंभी ठेवावा. मग विभाग जितकी पाने चालेल तितक्या पानांवर त्या ब्लॉकचा काही ना काही भाग असतो, आणि मागच्या पानावरून वाहत आलेला विभाग या मूल्यामुळे आधी विचारात घेतला जातो. मूल्य दिले नाही, तर फर्स्ट-स्टार्टिंग-विदिन-पेज गृहीत धरले जाते, म्हणजे त्या पानावर सुरू होणाऱ्या पहिल्या विभागाला पसंती मिळते. पानावर एकही विभाग सुरू होत नसेल तरच वाहत आलेला घेतला जातो. संदर्भग्रंथ चाळणाऱ्या वाचकाची नजर आधी पानाच्या माथ्यावर जाते. माथ्यावरचे नाव आणि त्याखालची पहिली ओळ जुळली नाही, तर तो चुकीच्या विभागात वाचू लागतो. म्हणून हा तपशील किरकोळ समजू नये.

प्रश्न : शब्दकोशात पानावरची पहिली आणि शेवटची नोंद माथ्यावर हवी आहे.

उत्तर : प्रत्येक नोंदीच्या ब्लॉकमध्ये एकच मार्कर पुरतो. हेडरमध्ये दोन रिट्रीव्ह-मार्कर ठेवावेत : डावीकडे फर्स्ट-स्टार्टिंग-विदिन-पेज, उजवीकडे लास्ट-स्टार्टिंग-विदिन-पेज.

प्रश्न : शीर्षकाला तळटीप असेल, तर तिचा मजकूरही हेडरमध्ये येतो. शिवाय शीर्षकाचा ठळक टाइप तेथे नाहीसा होतो.

उत्तर : पहिली अडचण एक्सएसएलटीची आहे. व्हॅल्यू-ऑफ हे शीर्षकाच्या पोटातील सगळा मजकूर, तळटिपेसह, एकत्र करते. हेडरसाठी वेगळ्या मोडमधील (त्याच शीर्षकावर दुसऱ्या रीतीने चालणारे) टेम्प्लेट लिहावे आणि त्यात तळटीप व अनुक्रमणिकेच्या खुणा गाळाव्यात. लांबलचक शीर्षकाचे आखूड रूप वापरायचे असेल, तर त्याचीही हीच जागा. दुसरी बाब प्रमाणकाला धरूनच आहे. मार्करमधील मजकूर टाइपाचे वारसागुण रिट्रीव्ह-मार्कर जेथे आहे तेथून घेतो, मूळ शीर्षकापासून नाही. ठळकपणा हवा असेल, तर तो हेडरच्या ब्लॉकला द्यावा.

प्रश्न : नव्या प्रकरणाच्या प्रस्तावनेच्या पानांवर मागील प्रकरणाच्या शेवटच्या विभागाचे नाव येते. कोऱ्या पानांवरही ते दिसते.

उत्तर : पानावर मार्कर नसला की फॉरमॅटर मागच्या पानांकडे वळतो, आणि किती मागे जायचे हे रिट्रीव्ह-बाउंडरी ठरवते. एरवी ही सीमा पेज-सिक्वेन्सची असते. तुम्ही डॉक्युमेंट हे मूल्य दिले असल्यास ते काढावे. संपूर्ण पुस्तक एकाच पेज-सिक्वेन्समध्ये असेल, तर प्रकरणाच्या शीर्षकाच्या ब्लॉकमध्ये विभागाच्याच क्लासचा रिकामा मार्कर ठेवावा, म्हणजे शोध तेथेच थांबेल. तो संपूर्ण प्रकरणाला वेढणाऱ्या ब्लॉकमध्ये मात्र ठेवू नये. फर्स्ट-इन्क्लुडिंग-कॅरीओव्हर असताना एकात एक असलेल्या क्षेत्रांपैकी बाहेरच्याला प्राधान्य मिळत असल्याने विभागांची नावे सर्वच पानांवरून पुसली जातील. कोऱ्या पानांसाठी कंडिशनल-पेज-मास्टर-रेफरन्समध्ये (अटीनुसार पानाचा आराखडा निवडणाऱ्या घटकात) ब्लँक-ऑर-नॉट-ब्लँकला ब्लँक हे मूल्य द्यावे आणि रिजन-बिफोर (हेडरची जागा) नसलेला पेज-मास्टर (पानाचा आराखडा) जोडावा.

प्रश्न : अनेक पाने चालणाऱ्या तक्त्याखाली ‘पुढील पानावर चालू’ असे लिहायचे आहे, पण शेवटच्या पानावर ते नको.

उत्तर : २००६ मधील एक्सएसएल १.१ ने यासाठी रिट्रीव्ह-टेबल-मार्कर दिला आहे. तुमचा फॉरमॅटर तो ओळखतो का, हे आधी तपासावे. प्रत्येक ओळीच्या पहिल्या सेलमधील ब्लॉकमध्ये ही सूचना असलेला मार्कर ठेवावा, शेवटच्या ओळीत तो रिकामा ठेवावा, आणि टेबल-फुटरमध्ये रिट्रीव्ह-पोझिशन-विदिन-टेबलला लास्ट-एंडिंग हे मूल्य देऊन तो उचलावा. एक्सएसएलटीमध्ये प्रत्येक ओळीपर्यंतची चढती बेरीज काढून मार्करमध्ये घातली, तर त्याच जागी पानाअखेरची बेरीजही छापता येते.